किल्ट घातलेली फौज: स्कॉटलंडच्या चाहत्यांनी आपलं नाव कसं बदललं

आजचा भाग फुटबॉलवर आहे, पण गोल आणि फॉर्मेशनबद्दल तुलनेनं कमी बोलणार आहोत. आज बोलायचंय ते स्टँडमध्ये बसणाऱ्या लोकांबद्दल. चार मित्र जमवायचे, पैसे साठवायचे, रजा टाकायची आणि आपल्या देशाच्या टीमच्या मागे परदेशात जायचं, असं वर्षानुवर्षं करणारी माणसं. त्यांच्यातलीही एकच जमात आपण घेणार आहोत, ती म्हणजे स्कॉटलंडचे चाहते. जग त्यांना ‘टार्टन आर्मी’ म्हणून ओळखतं. टार्टन म्हणजे ते चौकड्यांचं लोकरी कापड, ज्याचा किल्ट शिवतात.

हीच जमात का, ते आधी सांगतो. १९७७ साली याच चाहत्यांनी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये मैदानात घुसून गोलपोस्ट मोडले. आणि १९९२ साली स्वीडनमध्ये त्यांच्या चांगल्या वागणुकीबद्दल युरोपियन फुटबॉल संघटनेनं, म्हणजे युएफानं, त्यांचा गौरव केला. मध्ये गेली फक्त १५ वर्षं. देश तोच, गाणी बरीचशी तीच, बिअर तर नक्कीच तीच. आणि दोन्हीकडे हजर असलेली माणसंही काही कमी नसणार.

मी पडलो इंजिनीअर. एखादी सिस्टीम अचानक वेगळी वागायला लागली की पहिला प्रश्न येतो, नक्की काय बदललं? गर्दीचा स्वभाव बदलू शकतो का? बदलत असेल तर तो बदलतो कोण? पोलीस, कायदा की गर्दी स्वतः? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

वेम्ब्लीची भिशी

सुरुवात थोडी मागून करू. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोमध्ये झाला. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, निकाल ०-०. तेव्हापासून महायुद्धांची वर्षं सोडली तर शंभरहून जास्त वर्षं हा सामना दरवर्षी होत राहिला. एक वर्ष स्कॉटलंडमध्ये, एक वर्ष इंग्लंडमध्ये.

वेम्ब्ली स्टेडियम १९२३ साली उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंड तिथं पहिल्यांदा खेळला. मग स्कॉटलंडमध्ये एक प्रथाच पडली. कोळशाच्या खाणीत, जहाजाच्या कारखान्यात, गल्लीतल्या पबमध्ये ‘वेम्ब्ली क्लब’ निघाले. दर आठवड्याला पगारातले थोडे पैसे जमा करायचे, दोन वर्षं साठवायचे आणि मग सगळ्यांनी मिळून खास रेल्वेनं लंडन गाठायचं. आपल्याकडे भिशी लावतात ना, तसलाच प्रकार. फरक इतकाच की इथं भिशी कुणा एकाला लागत नव्हती, दोन वर्षांनी सगळ्यांची एकदमच फुटायची.

यामागचं राजकारण लक्षात घ्यायला हवं. १७०७ साली स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. त्यानंतर स्कॉटलंडला स्वतःचे कायदे होते, चर्च होतं, पण संसद नव्हती, परराष्ट्र खातं नव्हतं, संयुक्त राष्ट्रांत जागा नव्हती. जगापुढे ‘आम्ही एक वेगळा देश आहोत’ असं सांगायची जी मोजकी ठिकाणं उरली, त्यांतलं सगळ्यात मोठं म्हणजे फुटबॉलची टीम. त्यामुळे इंग्लंडविरुद्धचा सामना नुसता सामना नसायचा. मार्च १९२८ मध्ये स्कॉटलंडनं वेम्ब्लीवर इंग्लंडला ५-१ हरवलं, आणि त्या टीमला आजही ‘वेम्ब्लीचे जादूगार’ म्हणतात. १९६६ मध्ये इंग्लंडनं वर्ल्डकप जिंकला आणि १५ एप्रिल १९६७ रोजी स्कॉटलंडनं वेम्ब्लीवर येऊन त्यांना ३-२ हरवलं. स्कॉटिश लोकांच्या हिशेबात वर्ल्डकप त्या दिवसापासून त्यांचाच.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अख्ख्या पेठेचा मान पणाला लागतो. इथं पेठेच्या जागी देश होता, एवढाच फरक.

१९७७: मोडलेले गोलपोस्ट

४ जून १९७७. वेम्ब्लीवर स्कॉटलंड २-१ नं जिंकला. गॉर्डन मॅक्वीन आणि केनी डॅलग्लिश यांचे गोल. शिट्टी वाजली आणि हजारो चाहते मैदानात उतरले. पोरं गोलपोस्टवर चढली, आडवा दांडा त्यांच्या वजनानं मोडला. काही जणांनी हिरवळीचे तुकडे कापून घरी नेले, बागेत लावायला. हे सगळं टीव्हीवर लाइव्ह दिसत होतं.

स्कॉटलंडमध्ये बऱ्याच लोकांना हा गमतीचा प्रकार वाटला. इंग्लंडमध्ये मात्र चित्र उमटलं ते दारू पिऊन शहर ताब्यात घेणाऱ्या टोळीचं. खरं सांगायचं तर दोन्ही चित्रांत तथ्य होतं. त्या दिवशी कुणाला मारायचं म्हणून लोक मैदानात उतरले नव्हते. पण दर दोन वर्षांनी लंडनमध्ये जे व्हायचं त्याला नुसती मजा म्हणणंही अवघड होतं.

याचा शेवट कसा झाला बघा. १९८१ साली वेम्ब्लीची तिकिटं स्कॉटिश चाहत्यांना विकायचीच नाहीत असं ठरलं. तरीही हजारो लोक लंडनला पोहोचले, मिळेल त्या मार्गानं तिकिटं मिळवून आत गेले, आणि स्कॉटलंड १-० नं जिंकलाही. म्हणजे बंदी घालून गर्दी थांबली नाही, आणि बंदीनं तिचा स्वभावही बदलला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्जेंटिना: खऱ्या अर्थानं पहिली लांबची स्वारी

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती, १९७८ चा वर्ल्डकप. इंग्लंड पात्र ठरलं नव्हतं. ब्रिटनमधून एकटा स्कॉटलंड जाणार होता. मॅनेजर होते ॲली मॅक्लाउड. बोलण्यात एकदम सढळ. आपण पदक घेऊन येणार, असं ते सांगत सुटले आणि देशानं ते मनावर घेतलं. टीम निघण्याआधी ग्लासगोच्या हॅम्डन पार्कवर सुमारे पंचवीस हजार लोक आले. सामना नव्हता हां. बसमधून हात हलवणाऱ्या खेळाडूंना निरोप द्यायला आले होते. ‘टार्टन आर्मी’ हे नाव घराघरात पोहोचलं ते याच वर्षी, मॅक्लाउडच्या फौजेवर निघालेल्या एका विनोदी गाण्यामुळे.

आता विचार करा, १९७८ साली ग्लासगोहून अर्जेंटिनाला जायचं कसं? थेट विमानाचं तिकीट सामान्य कामगाराला परवडणारं नव्हतंच. काही जण स्वस्तातलं विमान पकडून अमेरिकेत उतरले आणि तिथून मेक्सिको, मध्य अमेरिका करत बसनं, ट्रकनं, लिफ्ट मागत दक्षिणेकडे निघाले. कुणीतरी पाणबुडी भाड्यानं मिळते का याची चौकशी केली होती, अशीही एक गोष्ट अजून सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, लोकांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यातून बरोबर कळतं.

आणि मैदानावर काय झालं? ३ जूनला पेरूनं ३-१ हरवलं. विली जॉन्स्टन हा खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला आणि घरी पाठवला गेला. ७ जूनला इराणशी १-१ बरोबरी, त्यात स्कॉटलंडचा गोलही इराणच्या खेळाडूनं स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. इराणच्या सामन्यानंतर कोर्दोबाच्या स्टेडियममधून बाहेर पडणाऱ्या आपल्याच खेळाडूंवर चाहते ओरडले, शिव्या दिल्या. हजारो मैल तुडवून आलेल्या माणसांचा तो राग होता. मग ११ जूनला मेंडोझामध्ये नेदरलँड्सवर ३-२ विजय, त्यात आर्ची गेमिलचा तो तिघांना चकवून मारलेला अप्रतिम गोल. पण पुढे जायला तीन गोलांच्या फरकानं जिंकणं गरजेचं होतं. टीम घरी.

अर्जेंटिनात त्या वेळी लष्करी हुकूमशाही होती. ज्या ब्यूनोस आयर्समध्ये अंतिम सामना झाला, त्याच शहरात, स्टेडियमपासून फार दूर नाही अशा नौदलाच्या इमारतीत लोकांना कोंडून छळ होत होता. पाहुण्या टीमच्या मागे जाताना आपण कुठल्या देशात पाऊल ठेवतोय, हा प्रश्न स्कॉटलंडला नवा नव्हता. १९७७ मध्ये त्यांची टीम चिलीत सांतियागोच्या ज्या राष्ट्रीय स्टेडियमवर खेळली होती, तिथंच १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो लोकांना डांबलं होतं, अनेकांना मारलं होतं. त्या सामन्याला स्कॉटलंडमध्ये विरोध झाला होता. तरी सामना झालाच.

१९७८ नंतर मात्र स्कॉटलंडमध्ये एक गोष्ट कायमची बदलली. ‘आपण जिंकणार’ या वाक्यावर कुणाचाच विश्वास राहिला नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या बदलाचं एक मूळ इथं आहे. जिंकण्यासाठी जायचं नसेल तर मग जायचं कशासाठी? याचं उत्तर चाहत्यांना स्वतःच शोधावं लागलं.

नक्की काय बदललं?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. १९८० च्या दशकात तीन-चार गोष्टी एकावर एक आल्या.

पहिली, कायदा. मे १९८० मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यानंतर सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांचे चाहते हॅम्डनच्या मैदानावरच एकमेकांना भिडले. घोड्यावरचे पोलीस आत घालावे लागले. त्याच वर्षी आलेल्या कायद्यानं स्कॉटलंडच्या स्टेडियममध्ये आणि चाहत्यांच्या बसमध्ये दारूला बंदी झाली. याचा घरच्या सामन्यांवर परिणाम झाला हे खरं. पण हा कायदा सेव्हिलमध्ये किंवा स्टॉकहोममध्ये लागू नव्हता. परदेशात लोक पीतच होते, आणि भरपूर पीत होते. तरी भांडणं कमी झाली. म्हणजे नुसत्या कायद्यानं उत्तर मिळत नाही.

दुसरी, वेम्ब्लीची वारी बंद पडली. आधी १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या चार देशांची वार्षिक स्पर्धा संपली, मग १९८९ नंतर इंग्लंड-स्कॉटलंड हा दरवर्षीचा सामनाही थांबला. शंभर वर्षांची सवय, भिशी आणि रेल्वे, सगळं एकदम रिकामं झालं. ती ताकद युरोपकडे वळली. आणि युरोपात समोर ‘जुना शत्रू’ नव्हता. स्वीडिश किंवा पोर्तुगीज माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे इंग्लंडच्या चाहत्यांची बदनामी. १९७० च्या दशकापासून इंग्लिश हुल्लडबाज युरोपभर कुप्रसिद्ध होत गेले. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या सामन्याआधी लिव्हरपूलच्या चाहत्यांनी हल्ला केला, लोक पळाले, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपात पाच वर्षं बंदी झाली.

आता स्कॉटिश माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही इटलीत एका बारमध्ये शिरलात. तुम्ही इंग्रजी बोलताय. मालकाच्या दृष्टीनं तुम्ही इंग्लिश. तो शटर ओढतो. मग काय कराल? आपण ते नाही, हे दाखवायचं असेल तर दोन मार्ग उरतात, कपडे आणि वागणूक. स्कॉटिश चाहत्यांनी दोन्ही वापरले. १९७० च्या दशकातल्या फोटोंत बहुतेक लोक पँट, गळ्यात टार्टनचा मफलर आणि डोक्यावर गोंड्याची टोपी अशा वेशात दिसतात. पुढच्या वीस वर्षांत किल्ट आणि त्यावर फुटबॉलची जर्सी हा जवळजवळ गणवेशच झाला.

किल्टचा इतिहासही मजेशीर आहे. तो मुळात उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा पोशाख. १७४६ मध्ये ब्रिटिश सरकारनं बंडानंतर त्यावर बंदी घातली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळा सोहळा टार्टनमध्ये सजवला, आणि डोंगराळ भागाचा पोशाख अख्ख्या देशाचा झाला. दीडशे वर्षांनी फुटबॉलच्या चाहत्यांनी तोच पोशाख उचलला. थोडक्यात, हे ओळखपत्र होतं. बारच्या मालकाला लांबूनच कळायला हवं की आलेत ते कोण.

रिचर्ड ज्युलियानोटी या समाजशास्त्रज्ञानं १९९० च्या इटली वर्ल्डकपमधल्या टार्टन आर्मीचा अभ्यास केला. त्याचं निरीक्षण साधारण असंच आहे की या लोकांनी उत्सवी, मिळूनमिसळून वागणं हे इंग्लिश हुल्लडबाजाच्या प्रतिमेपासून वेगळं उठून दिसण्यासाठी जाणीवपूर्वक घडवलं. आणि ते सांभाळलं कुणी? पोलिसांनी नाही. एखादा पोरगा खुर्ची उचलायला लागला की शेजारचा किल्टवाला काका त्याला गप्प करायचा. ‘आपलं नाव खराब करू नकोस’ हे वाक्य पोलिसाच्या काठीपेक्षा जास्त काम करून गेलं.

असा प्रयोग करणारे ते एकटे नव्हते. डेन्मार्कच्या चाहत्यांनी १९८० च्या दशकात स्वतःला ‘रोलिगन’ म्हणवून घेतलं. ‘रोलिग’ म्हणजे डॅनिश भाषेत शांत. हुलिगन या शब्दावर केलेली ही सरळ कोटी.

१९९२ मध्ये स्वीडनमध्ये या सगळ्याचं फळ दिसलं. स्कॉटलंडची ती पहिलीच युरो स्पर्धा. नेदरलँड्सकडून १-० हार, जर्मनीकडून २-० हार, शेवटचा सामना जिंकला पण तोवर बाहेर. त्याच दिवसांत माल्मोमध्ये इंग्लिश चाहते आणि पोलीस यांच्यात राडा झाला. आणि नॉरशॉपिंग शहरात हरलेले स्कॉटिश लोक स्थानिकांबरोबर नाचत होते. युएफानं गौरव केला तो याच वागणुकीचा.

टॅलिन आणि साराएवो

एकदा ही भूमिका पक्की झाली की तिच्या गोष्टी तयार होतात, आणि गोष्टी तयार झाल्या की भूमिका आणखी पक्की होते. सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट टॅलिनची.

९ ऑक्टोबर १९९६. एस्टोनियाविरुद्ध वर्ल्डकपचा पात्रता सामना. आदल्या दिवशी स्कॉटलंडनं तक्रार केली की मैदानावरचे फ्लडलाइट पुरेसे नाहीत. फिफानं सामना संध्याकाळऐवजी दुपारी तीनला घ्यायला सांगितलं. एस्टोनियाला हे मान्य नव्हतं, त्यांची टीम आलीच नाही. स्कॉटलंडचे अकरा जण मैदानात उभे राहिले, समोर कुणीही नाही. रेफ्रीनं शिट्टी वाजवली, चेंडूला एक पाय लागला आणि तीन सेकंदांत सामना संपल्याची शिट्टी झाली. स्टँडमधल्या स्कॉटिश लोकांनी तिथल्या तिथं एका नेहमीच्या घोषणेचे शब्द बदलले आणि टॅलिनमध्ये टीम एकच आहे असं गायला लागले. सामना पुढे फेब्रुवारी १९९७ मध्ये मोनॅकोत झाला, ०-०. तो कुणालाही आठवत नाही. जो झालाच नाही तो मात्र सगळ्यांना आठवतो.

दुसरी गोष्ट साराएवोची. १९९९ मध्ये स्कॉटलंड बोस्नियात खेळायला गेला. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती. तिथं काही चाहत्यांना युद्धात पाय गमावलेला एक मुलगा भेटला, आणि त्यांनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले. त्यातून पुढे एक कायमचा उपक्रम उभा राहिला. २००३ पासून टीम परदेशात जिथं खेळायला जाते, तिथल्या लहान मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला चाहते देणगी देतात. सामना जिंको की हरो. ही गोष्ट मला टॅलिनपेक्षा मोठी वाटते. कारण ‘आम्ही इंग्लिश नाही’ एवढंच दाखवायचं असतं तर याची काहीच गरज नव्हती. म्हणजे जे दुसऱ्यापेक्षा वेगळं दिसण्यासाठी सुरू झालं, ते इथपर्यंत येताना स्वतःची सवय बनलं होतं.

मग स्कॉटिश लोक मुळातच चांगले का?

नाही. आणि हे म्हणायला माझ्याकडे ठोस कारण आहे.

१४ मे २००८. मँचेस्टरमध्ये युएफा कपचा अंतिम सामना, रेंजर्स विरुद्ध रशियाचा झेनित. ग्लासगोहून दीड लाखाच्या आसपास लोक मँचेस्टरमध्ये आले, बहुसंख्य बिनतिकिटाचे. शहरातल्या एका चौकातली मोठी स्क्रीन बंद पडली आणि दंगल उसळली. बाटल्या, पोलिसांवर हल्ले, सगळं. तोच देश, तीच शहरं, आणि वर्षात कधीतरी किल्ट घालून राष्ट्रीय टीमच्या मागे जाणारे काही जण त्या गर्दीतही असणार. पण त्या दिवशी अंगावर क्लबचा निळा रंग होता आणि वागण्याचा नियमही क्लबच्या गर्दीचा होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: गर्दीचा स्वभाव रक्तात नसतो. ती एक भूमिका असते. कपडे घातले की माणूस तिच्यात शिरतो आणि शेजारचे लोक त्याला तिच्यात टिकवून ठेवतात. बंदीनं गर्दीला अडवता येतं, कधी कधी. पण चांगलं वागण्यात गर्दीला स्वतःचा मान वाटायला लागला तरच ती खरी बदलते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्याच्या बदनामीवर उभं केलेलं चांगलं नाव थोडं तकलादू असतं. इंग्लंडविरुद्धची शिवराळ गाणी टार्टन आर्मीच्या तोंडून कधी पूर्ण गेली नाहीत, सामना फॅरो बेटांशी असला तरी. शिवाय या ‘प्रेमळ’ फौजेत बायका वर्षानुवर्षं कमीच होत्या, आणि रात्रभर चौकात चाललेला जल्लोष तिथं राहणाऱ्या माणसाला जल्लोष वाटतोच असं नाही. १९९२ च्या निवडणुकीत हरल्यावर जिम सिलर्स या राष्ट्रवादी नेत्यानं आपल्याच लोकांना चिडून ‘नव्वद मिनिटांचे देशभक्त’ म्हटलं होतं. सगळं देशप्रेम स्टँडमध्ये खर्च करता आणि मतपेटीपाशी गप्प बसता, असा त्याचा रोख. पुढे १९९७ च्या सार्वमतानंतर १९९९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची संसद परत मिळाली. लोकांनी टीमच्या मागे जाणं मात्र सोडलं नाही.

बावीस वर्षांची वाट

१९९८ मध्ये पॅरिसला ब्राझीलविरुद्ध वर्ल्डकपचा पहिला सामना खेळल्यावर स्कॉटलंड मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ गायबच झाला. बावीस वर्षं. एक अख्खी पिढी टीमच्या मागे जात राहिली ती फक्त पात्रता सामन्यांना. कधी लिथुआनिया, कधी मॉल्डोव्हा, कधी कझाकस्तान. अशा सामन्यांची तिकिटं चाहत्यांच्या अधिकृत क्लबमध्ये पॉइंटवर मिळतात. जितके परदेशातले सामने तुम्ही आधी पाहिलेत तितके पॉइंट जास्त आणि तितका तुमचा नंबर आधी. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रायॉरिटी क्यू. थंडीत कुठल्यातरी रिकाम्या मैदानावर ०-० बघितलेल्या माणसाला वर्ल्डकपच्या रांगेत पुढे उभं राहता यावं, हा त्यामागचा न्याय.

आणि मग १२ नोव्हेंबर २०२० ला स्कॉटलंड बेलग्रेडमध्ये सर्बियाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून युरोसाठी पात्र ठरला. गोलकीपर डेव्हिड मार्शलनं शेवटची पेनल्टी अडवली. स्टेडियममध्ये प्रेक्षक शून्य. कोविड. बावीस वर्षं जगभर मागे फिरलेली माणसं नेमकी त्या रात्री घरच्या सोफ्यावर होती. नशिबानं थट्टा करावी ती अशी.

त्याची भरपाई २०२४ मध्ये जर्मनीत झाली. स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्यातले दोन लाखांच्या आसपास लोक जर्मनीत गेले असा अंदाज तेव्हा दिला जात होता. एका सामन्यासाठी स्कॉटलंडच्या वाट्याला तिकिटं होती साधारण दहा हजार. म्हणजे बहुतेक लोक सामना मैदानात दिसणार नाही हे माहीत असूनच निघाले होते. वारीला गेलेल्या प्रत्येकाला गाभाऱ्यात दर्शन मिळतंच असं नाही, कळस बघूनही माणूस समाधानानं परततो, त्यातलाच हा भाग. पहिल्याच सामन्यात म्युनिकला ५-१ असा मार पडला. मग कोलोनला १-१. मग स्टुटगार्टला हंगेरीनं शंभराव्या मिनिटाला गोल करून घरी पाठवलं. १९५४ पासून २०२४ पर्यंत स्कॉटलंड बारा मोठ्या स्पर्धा खेळला आणि एकदाही पहिल्या फेरीपुढे गेला नाही. १९७८ मध्ये अशाच हारीनंतर चाहते खेळाडूंना शिव्या देत होते. २०२४ मध्ये म्युनिक आणि कोलोनच्या चौकांत गाणी चालू होती, आणि जर्मन लोकांनी या पाहुण्यांवर जीव लावला.

१८ नोव्हेंबर २०२५ ला हॅम्डनवर डेन्मार्कला ४-२ हरवून स्कॉटलंड १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्डकपसाठी पात्र ठरला. स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. आणि इथं एक नवा प्रश्न आहे, जो मला खरंच सतावतो. या वर्ल्डकपच्या तिकिटांच्या किमतींवर युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनांनी सडकून टीका केलीय. ज्या परंपरेची सुरुवात खाणकामगारांच्या आठवड्याच्या बचतीतून झाली, तिच्यात आता खाणकामगाराच्या नातवाला जागा आहे का? ‘किल्टवाला काका पोराला गप्प करतो’ ही व्यवस्था चालते ती काका आणि पोरगा दोघंही तिथं असतात म्हणून. नवीन पोरांना परवडलंच नाही, तर ही भूमिका शिकवायची कुणी आणि कुणाला? गर्दी चांगली वागायला पंधरा वर्षं लागली होती. ती विस्कटायला किती लागतील, ते आपल्याला येत्या काही स्पर्धांत दिसेल.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. आपल्याकडे पेठेच्या, क्लबच्या किंवा देशाच्या टीमच्या मागे फिरणारं तुमचं मित्रमंडळ असेल, आणि तुमच्यात असा एखादा ‘गप्प बस’ म्हणणारा काका असेल, तर त्याच्याबद्दल आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या भागात अशाच एका वेगळ्या विषयावर बोलू. तोवर काळजी घ्या.